उद्यामास्तरांवर निघालेला सिनेमा

मास्तरांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पण पाटी इतकी विटली होती की ती वाचायला आधी नाव ठाऊक असावं लागायचं. गल्लीत कुणाला ते आठवत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. कपडे शिवतात म्हणून मास्तर, आणि कपडे कधी मिळणार या प्रश्नाला आयुष्यभर एकच उत्तर दिलं म्हणून उद्यामास्तर. उद्या या. उद्या देतो. उद्या नक्की, आता फक्त बटणं राहिलीत. नवं गिऱ्हाईक या उद्याचा अर्थ शब्दकोशातला घ्यायचं आणि फसायचं. जुनी गिऱ्हाइकं शहाणी झाली होती. घरात कुणाचं लग्न निघेल असं नुसतं वाटलं, तरी ती कोटाचं कापड आणून टाकायची.

परक्या माणसाला याचं नवल वाटायचं. त्याच्या मते या माणसाला टोपणनाव पडायचं तर ते चेहऱ्यावरून पडायला हवं होतं. मास्तरांच्या डाव्या गालावर जन्मापासून मांसाची गाठ होती. ती त्यांच्याबरोबर वाढली. लहानपणी डॉक्टरांनी ती कापली, ती परत आली. परत कापली, परत आली. शेवटी डॉक्टर कंटाळले, गाठ काही कंटाळली नाही. आता तो गाल हनुवटीच्या खाली लोंबत होता, त्याच्या ओझ्यानं डावा डोळा अर्धा मिटलेला असायचा आणि ओठाचा कोपरा खाली ओढला गेला होता. टाचण्या तोंडात धरायच्या तर मास्तर त्या उजव्या बाजूला धरायचे, आणि टाचण्या तोंडात असताना जे बोलायचे ते फक्त त्यांच्या बायकोला कळायचं.

गल्लीच्या बाहेर जग होतं तसंच होतं. बसमध्ये मास्तरांच्या शेजारची जागा रिकामी राहायची. बस गच्च भरली, माणसं दाराला लटकली, तरी ती जागा रिकामीच. मास्तर तिच्यावर कापडाचं गाठोडं ठेवायचे आणि ऐसपैस बसायचे. मुलं रडायची, त्यांच्या आया मुलांचे डोळे झाकायच्या आणि स्वतः बोटांच्या फटीतून बघून घ्यायच्या. मास्तरांना त्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. रोज नाही, पण वाटायचं. सवय झाली असं ते लोकांना सांगायचे, कारण तसं सांगितलं की पुढचे प्रश्न यायचे नाहीत.

पण गल्ली वेगळी होती. ती आधीपासून वेगळी होती असं कुणी समजू नये. मास्तरांनी इथे दुकान थाटलं तेव्हा गिऱ्हाईक उंबऱ्यापर्यंत यायचं, मास्तर मान वर करायचे, आणि त्या गिऱ्हाइकाला एकदम घरी काहीतरी विसरल्याचं आठवायचं. विसरभोळ्यांची अख्खी वस्तीच होती ती. मास्तर आणलेला दोरा रिळावरून बॉबिनवर भरायचे आणि वेळ जाईना म्हणून परत रिळावर गुंडाळायचे. सुटका केली ती बेकरीवाल्यानं, आणि तीही काही चांगुलपणानं नाही. त्याची बेकरी समोरच होती. मैद्याचं पोतं उचलताना त्याची पँट मागून टरकली, आणि दुकानात तर पावासाठी रांग लागलेली. तो पाठ भिंतीला लावून लावून बाहेर पडला आणि रस्ता ओलांडून आला. विसरण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती. मास्तरांनी टीप मारून दिली, ती त्याला आवडली, आणि त्यानं नव्या पँटचं कापड आणून दिलं.

ते मास्तरांचं पहिलं खरं काम. ते इतकं चांगलं व्हावं असं त्यांना वाटलं, की ते शिवायचे आणि उसवायचे, पुन्हा शिवायचे आणि पुन्हा उसवायचे. बेकरीवाला आला, उद्या म्हणाले. परत आला, उद्या म्हणाले. असे बरेच उद्या झाल्यावर एके दिवशी बेकरीवाला पिठाच्या हातांनी भर रस्त्यात उभा राहिला आणि त्यानं मास्तरांचा यथासांग उद्धार केला. "तू टेलर आहेस का कोण आहेस? पँट शिवतोयस की कापूस पेरतोयस? मी म्हातारा झाल्यावर घालू का ती?" अख्खी गल्ली गोळा झाली. मास्तर बघतच राहिले. हा माणूस त्यांच्या चेहऱ्याकडे सरळ बघत होता, दोन्ही डोळे रोखून, नजर न चुकवता, आणि त्याला दिसत होती ती फक्त पँट.

संध्याकाळी घरी जाऊन ते आईला म्हणाले, "आई, आज मला एकानं भर रस्त्यात शिव्या घातल्या."

आईचा हात थांबला. "तोंडावरून?"

"नाही. पँटीवरून."

आई खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिनं पोराच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, आता तू टेलर झालास.

त्यानंतर मास्तर मुद्दाम उशीर करायचे असं मुळीच नाही. पण वेळेत काम संपवायची घाईही त्यांना पुन्हा कधी झाली नाही. गिऱ्हाइकं वाढली, उद्या वाढले, शिव्या वाढल्या. कोण हजेरी घ्यायचं, कोण खरडपट्टी काढायचं, कोण नुसतं दारात उभं राहून उसासे टाकायचं. बायकोही त्यांना याच वाटेनं मिळाली. तिचा कोट त्यांच्याकडे अडकला होता. ती रोज भांडायला यायची, आणि एक दिवस भांडून दमल्यावर स्टूल ओढून बसली नि स्वतःच काजं करायला लागली. काजं इतकी सुबक झाली की मास्तरांनी तिला लग्नाचं विचारलं. तिनं आधी कोट पुरा करून घेतला, मग हो म्हणाली. तेव्हापासून ती मागच्या खोलीत काजं-बटणं करायची आणि पुढच्या खोलीतल्या नवऱ्याला मास्तर म्हणूनच हाक मारायची. "मास्तर, बाहीचा मुंढा केवढा कापलाय हा, यातून दोन माणसं जातील." असं दिवसातून अनेकदा. मास्तर सुखात होते.

आणि अशा सुखात दिग्दर्शक आला.

तो शर्टाचं बटण लावून घ्यायच्या निमित्तानं आला. तरुण होता, सज्जन होता, आणि त्याला चटकन रडू यायचं. मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवून तो छताकडे इतका टक लावून बघत होता की मास्तरांनाच अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, "एकदा बघून घ्या हो. मग जरा बटणाकडे बघा आणि रंग जुळतो का ते सांगा." एवढ्यावर दिग्दर्शकाचे डोळे भरून आले आणि त्यानं तिथेच सांगून टाकलं, की त्याला मास्तरांवर सिनेमा काढायचा आहे.

"माझ्यावर काय आहे काढण्यासारखं?"

"तुमचं जगणं. तुमचं दुःख. समाज तुमच्याकडे कसा बघतो ते."

"त्यात दुकान दिसेल?"

"दिसेल ना."

"आणि मशीन?"

"मशीनसुद्धा."

मास्तरांनी मशीनवरून हात फिरवला आणि होकार दिला. मागच्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "आधी बेकरीवाल्याची पँट द्या, मग काय ते सिनेमात जा."

शूटिंग सुरू झालं. मास्तरांनी मशीनला तेल घातलं, दुकान झाडलं, आणि गिऱ्हाइकांना सांगायला त्यांना उद्यासाठी एक नवं कोरं कारण मिळालं. दिग्दर्शकाला मात्र हवं ते सापडेना. आधी तो कॅमेरा घेऊन मास्तरांबरोबर बसमध्ये चढला. कॅमेरा दिसताच लोकांत मास्तरांच्या शेजारी बसण्यावरून धक्काबुक्की सुरू झाली. एका बाईनं आपलं मूल मास्तरांच्या मांडीवरच देऊन टाकलं आणि केस नीट केले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांना गाठोडं मांडीवर घेऊन, अंग चोरून बसावं लागलं. दिग्दर्शक खट्टू झाला. मास्तर त्याची समजूत घालत होते, "तुम्ही उद्या कॅमेरा न आणता या, मग बघा कशी जागा मिळते." पण कॅमेऱ्याशिवाय सिनेमा कसा निघणार?

मग त्याला गल्लीत खजिना सापडला. तो दुकानाच्या कोपऱ्यात कॅमेरा लावून बसला असताना बेकरीवाला आला, आणि कॅमेरा असो की नसो, त्यानं नेहमीप्रमाणे तोंड सोडलं. त्याच्यामागून मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे इथल्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. त्यांच्या हाताखालून अर्ध्या गल्लीसारखे मास्तरही गेले होते, आणि निवृत्त झाल्यापासून वापराविना पडलेला आवाज त्या मास्तरांवर वापरायच्या. त्यांनी कोटाच्या अस्तरावरून मास्तरांना अर्धा तास फैलावर घेतलं. शेवटी आतून बायको आली आणि उलट्या कापलेल्या कॉलरीवरून तिनं जे झाडलं त्यानं बेकरीतली रांगसुद्धा गप्प झाली. मास्तर मान खाली घालून सुईत दोरा ओवत होते. दिग्दर्शकाचे डोळे चमकत होते.

"हे कॉलरीसाठी चाललं होतं बरं का," मास्तरांनी नंतर त्याला सांगितलं. "आणि तो बेकरीवाला पँटीसाठी ओरडत होता."

दिग्दर्शकानं त्यांचा खांदा दाबला. "किती सहन करता तुम्ही," तो म्हणाला. मास्तरांना वाटलं, त्याला समजलं.

सिनेमा तयार झाला आणि एका मोठ्या सभागृहात दाखवायचं ठरलं. अख्खी गल्ली नटूनथटून गेली, जुन्याच कपड्यांत, कारण त्या दिवसासाठी मास्तरांकडे टाकलेले कपडे तयार झालेले नव्हते. दिवे मालवले. पडद्यावर मास्तरांचा गाल आला, एका खोलीएवढा. मग बेकरीवाला आला. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, थुंकी उडत होती, बोट मास्तरांच्या तोंडासमोर नाचत होतं. पण शब्द एकही ऐकू येत नव्हता. आवाज काढून टाकला होता आणि त्या जागी व्हायोलिन घातलं होतं. फार रडकं व्हायोलिन होतं. पँट कुठेही नव्हती. नंतर मोठ्या बाई ओरडल्या, व्हायोलिन आणखी रडलं. नंतर बायको. नंतर मास्तरांची खाली गेलेली मान. सुई-दोरा चौकटीच्या बाहेर राहिला होता. अंधारात मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "घरातसुद्धा सुख नाही बिचाऱ्याला. काय कजाग बाई आहे." मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती आणि तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

दिवे लागले तेव्हा सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. अनोळखी माणसं रडत रडत मास्तरांना भेटली. एकानं त्यांचा हात बराच वेळ हातात धरला आणि मग खिशातून रुमाल काढून स्वतःचा हात पुसला. गल्लीतली माणसं खालमानेनं बाहेर पडली. परतीच्या वाटेवर मास्तरच म्हणाले, "मशीन छान दिसलं, नाही?"

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला पँट न्यायला आला. ती अर्थातच झाली नव्हती. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, सावरून बसले आणि म्हणाले, "उद्या देतो."

"काही हरकत नाही," बेकरीवाला म्हणाला. "तुमच्या सवडीनं द्या."

मास्तरांना वाटलं, मागे कुणीतरी उभं असेल. त्यांनी वळून बघितलं. मागे भिंत होती. इतक्या वर्षांत बेकरीवाल्यानं त्यांना पहिल्यांदाच तुम्ही म्हटलं होतं.

आणि मग ती साथच पसरली. पोरं गल्लीतून पळता पळता उद्यामास्तर म्हणून ओरडायची, त्यांच्या आया त्यांचे कान धरून दटावायला लागल्या, की असं म्हणू नये, काका म्हणावं. गिऱ्हाइकं आली की हात जोडायची, तब्येत विचारायची आणि कपड्यांचं नावसुद्धा काढायची नाहीत. पाव घरपोच यायला लागला, तोही ताजा. मोठ्या बाई तर खास एका दुपारी आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "शाळेच्या फोटोत मी तुला शेवटच्या रांगेत उभं केलं होतं. उंच मुलाच्या मागे. मुद्दाम."

"मला आठवतं, बाई," मास्तर म्हणाले.

"माझं चुकलं."

ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. त्या फोटोत त्यांचा एक कान तेवढा आला होता, आणि आईनं तो फोटो कानासाठी म्हणून भिंतीवर लावला होता. बाईंनी हे बोलून दाखवलं याचं त्यांना खरोखर बरं वाटलं. ते डोळे पुसून म्हणाले, "बरं केलंत बाई, सांगितलंत ते. आता कोटाचं बोला. कसा झालाय?"

कोट बाईंच्या अंगावरच होता. त्याचं अस्तर खालून बोटभर लोंबत होतं. याच अस्तरासाठी महिन्यापूर्वी त्यांनी मास्तरांना शाळेतल्यासारखं उभं करून ठेवलं असतं. बाईंनी अस्तराकडे बघितलं, मास्तरांच्या गालाकडे बघितलं. "छान झालाय," त्या म्हणाल्या, आणि लगबगीनं निघून गेल्या.

पण सगळ्यांत वाईट घरातलं होतं. बायको त्यांना मास्तर म्हणेना. "अहो, दमलात का? अहो, थोडं पडता का?" अशा मऊ आवाजात ती बोलायला लागली. मुंढा मोठा झाला तर गुपचूप आवळून टाकायची. कॉलर उलटी आली तर सुलटी करून ठेवायची. मास्तर मागच्या खोलीकडे कान लावून बसायचे आणि आतून कात्रीचा आवाज तेवढा यायचा. आपण आजारी आहोत आणि ते फक्त आपल्यालाच सांगितलेलं नाही, असं त्यांना वाटायला लागलं.

खरा घाव बसला तो पुढच्या आठवड्यात. मास्तर सुया आणायला नाक्यापर्यंत गेले होते. नाक्यावर एक फॅशनवाला टेलर होता, काचेच्या दाराचा, बोलल्या दिवशी कपडे देणारा; अशा टेलरशी गल्लीनं आजवर कधी संबंध ठेवला नव्हता. त्याच्या टेबलावर बेकरीवाल्याची पँट पसरलेली होती, मास्तरांनी कालच दिलेली. फॅशनवाला तिच्या पायांची मोहरी उसवत होता. बाजूला मोठ्या बाईंचा कोट होता, अस्तर वर घेऊन टाचलेला. तिकडे आणखी चार ओळखीचे कपडे. मास्तर सुया न घेताच परतले. म्हणजे ही माणसं त्यांच्याकडे कपडे शिवून घेत नव्हती, देवाला वाहावं तसं कापड आणून वाहत होती. कपडे शिवून घ्यायला दुसरीकडे जात होती. दुकान थाटलं त्या दिवशी ते जिथे होते, तिथेच येऊन ते बसले होते. तेव्हा निदान लोक उंबऱ्यावरून परत तरी जायचे.

ते तडक बेकरीत गेले. "तू मला शिव्या का देत नाहीस?" त्यांनी विचारलं.

बेकरीवाल्यानं हातातला ट्रे खाली ठेवला. "मी पँटीसाठीच ओरडत होतो, हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण पडद्यावर बघितलं ना मी. तिथे तसं दिसत नव्हतं. आता कधीकधी माझं मलाच कळत नाही. ओरडायला तोंड उघडलं की ते व्हायोलिन ऐकू येतं."

"मला नाही येत."

"तुमचं मन मोठं आहे," बेकरीवाला म्हणाला आणि त्यानं मास्तरांना बिस्किटांचा पुडा दिला.

मग मास्तर हट्टाला पेटले. शिव्या सहज मिळत नसतील तर त्या कमवायच्या, असं त्यांनी ठरवलं. एका शर्टाचा खिसा त्यांनी आतून लावला. गिऱ्हाईक म्हणालं, चोरांचं भय नको. एका फ्रॉकचा गळा असा कापला की डोकं जाईना. मुलीच्या आईनं मुलीला सांगितलं, हळूहळू जाईल. एका पँटीची एक तंगडी त्यांनी चांगली चार बोटं आखूड केली. तो गृहस्थ पँट घालून, एका बाजूला झुकून, आभार मानत गेला. मास्तर दारात उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले. कुणाला चीड यावी म्हणून माणसानं आणखी काय करायचं असतं?

याच सुमारास दिग्दर्शक परत आला. सिनेमाला मोठं बक्षीस मिळालं होतं. समारंभ टीव्हीवर दाखवणार होते आणि त्याला त्या दिवशी अंगात मास्तरांच्याच हातचा कोट हवा होता. मास्तरांनी त्याचं माप घेतलं. कोट कापताना, शिवताना त्यांचा हात काही वेडावाकडा गेला नाही. अनेक महिन्यांत त्यांनी इतकं नेटकं काम केलं नव्हतं. बायकोनं काजं केली, तिच्या नेहमीच्या हातानं, एकसारखी. मग कोट पुढच्या खोलीत आला, आणि मास्तरांनी उजवी बाही डावीकडे लावली आणि डावी उजवीकडे.

कोटाची बाही सरळ नसते, ती हातासारखी पुढे झुकलेली असते. ती अदलाबदल झाली की कोट घालणाऱ्याचे हात आपोआप मागे ओढले जातात. शिकाऊ टेलर ही चूक एकदाच करतो, मग जन्मभर करत नाही. मास्तरांनी ती मनापासून केली. या माणसानं तरी विचारावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ज्यानं हे सगळं सुरू केलं त्यानंच एकदा खेकसून म्हणावं, हे काय शिवलंय? म्हणजे मग बाकीच्यांचीही भीड चेपेल.

दिग्दर्शकानं कोट चढवला. त्याचे दोन्ही हात मागे गेले, कोपरं बाहेर आली. त्यानं हात पुढे आणायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्यानं मास्तरांकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. "अप्रतिम," तो म्हणाला, आणि तसाच निघून गेला.

गल्लीत टीव्ही मोठा होता तो बेकरीत. समारंभाच्या संध्याकाळी सगळे तिथे जमले. मास्तरांना अर्थातच मधली खुर्ची मिळाली, पाठीला उशी लावून. बायको बाजूला उभी होती. दिग्दर्शक मंचावर आला तो उडायच्या बेतात असलेल्या कोंबड्यासारखा. त्याला बक्षीस दिलं, ते त्याला धरता येईना; शेवटी एका बाईंनी ते त्याच्यासाठी धरलं. मग तो बोलला. "हा कोट त्यांनी शिवलाय, ज्यांची ही कथा आहे. यात माझे हात वळत नाहीत. पण मी तक्रार करणार नाही. आपल्याला जे वाकडं दिसतं, त्यातही सौंदर्य असतं, हेच त्यांना मला सांगायचं असेल." समोर बसलेली माणसं रुमाल काढायला लागली. बेकरीतही कुणीतरी नाक ओढलं.

"बाह्या उलट्या लागल्यात," मास्तरांची बायको म्हणाली.

ती हळूच म्हणाली होती, पण सगळ्यांना ऐकू गेलं. ती टीव्हीच्या अगदी जवळ गेली, परत म्हणाली, "बाह्या उलट्या लागल्यात," आणि वळली. तिच्या गळ्यापर्यंत लाली चढली होती.

"मास्तर," ती म्हणाली, "हे काय आहे?"

मास्तर खुर्चीत ताठ झाले.

"सगळं जग बघतंय तो कोट. माझी काजं आहेत त्याच्यावर. डोळे फोडून केलेली काजं, आणि त्याच्या वर ह्या बाह्या? शिकाऊ पोरगं करणार नाही असलं काम. लाज नाही वाटली तुम्हाला? आणि तो खुळा म्हणतो, सौंदर्य. मुंढे मी आवळले, कॉलरी मी सुलट्या केल्या, सगळं गिळलं मी, लोक मला कजाग म्हणतील म्हणून गप्प बसले. म्हणू देत. कजाग तर कजाग. उशी काढा ती पाठीची, आधी सरळ बसा आणि मला सांगा, लक्ष कुठे ठेवून लावल्यात ह्या बाह्या?"

बेकरीवाला व्हायोलिन ऐकू येतंय का याची वाट बघत असावा. ते आलं नाही. तो एक पाऊल पुढे आला आणि अडखळत म्हणाला, "आणि माझी मोहरी."

"काय झालं मोहरीला?" मास्तरांनी विचारलं.

"पोत्यासारखी केलीयस. दोन्ही पाय एकीतच जातात माझे. नाक्यावर जाऊन उसवून आणावी लागली, लोक हसले मला."

मोठ्या बाईंनी घसा साफ केला. "आणि अस्तराचं काय रे? शाळेत तुझी वही अशीच असायची, सगळं समासाच्या बाहेर." तो तंगडी आखूड झालेला गृहस्थ मागे उभा होता, तो तिथल्या तिथे झुकून दाखवायला लागला. फ्रॉकवाली आई बोलायला लागली, खिसावाला बोलायला लागला, सगळे एकदम बोलायला लागले. टीव्हीवरच्या टाळ्या कुणाला ऐकू येईनात.

मास्तर मध्यभागी बसले होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते, सरळ तोंडाकडे, दोन्ही डोळे रोखून. त्यांचा उजवा डोळा वाहत होता आणि डावा अर्धा मिटलेला डोळाही वाहत होता. आई असायला हवी होती, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पाठीची उशी काढून खाली ठेवली.

"बोला की," बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली. "त्याचा कोट परत मागवायचा, बाह्या उसवायच्या, ह्या सगळ्यांचं सगळं नीट करून द्यायचं. कधी देणार?"

मास्तरांनी एकेकाकडे नीट बघून घेतलं.

"उद्या," ते म्हणाले, आणि सगळी बेकरी त्यांच्या अंगावर ओरडली.